न आटलेली विहीर

सगळे म्हणतात म्हणजे खरंच असणार, अशी कासारखेड्याची रीत. विहिरीत गाळ साचला आणि गडी परगावी कामाला गेलेले. मग विहिरी खणणाऱ्या घरातली चंद्राबाईच कंबरेला दोर बांधून काठावर उभी राहिली. तेवढ्यात रंगराव पाटील तिथं आले.

“मागं हो! बाई उतरली की विहीर आटते.”

“कुणी बघितलंय, पाटील?”

“बघायला कशाला पाहिजे? अख्खं गाव म्हणतं. एवढी माणसं खुळी आहेत होय?”

चंद्राबाईनं दोराची गाठ आवळली.

“गेल्या साली घरच्या जाचाला कंटाळून तुमच्या सुनेनं ह्याच विहिरीत उडी घेतली. तेव्हा का नाही हो आटली? आटली असती, तर पोर वाचली असती.”