कासारणीच्या टेबलाची बिजागरी

माळावरचा बाजार झाडांखाली भरायचा, तेव्हाची ही गोष्ट. सोनाई कासारीण पाय मिटणारं टेबल डोक्यावर घेऊन यायची. पाय उघडला की त्याची बिजागरी आपोआप खट्कन अडकायची. तो आवाज ऐकल्याशिवाय सोनाई फळीवर एकही बांगडी मांडत नसे.

एका सकाळी एक नवरी हिरवा चुडा भरायला बसली. तिने फळीवर कोपर टेकलं, तसा टेबलाचा एक म्हातारा पाय कण्हला, "बिजागरीबाई, दमलो गं. जरा सोड, गुडघा वाकवू दे."

बिजागरीला गलबलून आलं. तरी ती म्हणाली, "आत्ता नाही रे बाबा."

"दगड आहेस नुसती!" पाय फणफणला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

नवरी भरल्या हातांनी हसत घरी गेली. संध्याकाळी सोनाईने बांगड्या उतरवल्या, फळी पुसली आणि बिजागरीची कळ दाबली. बिजागरीने पायाला अलगद वाकवून फळीच्या कुशीत निजवलं.

"सकाळी कुठे गेली होती ही माया?" पायाने विचारलं.

"इथेच होती," बिजागरी म्हणाली. "पण तेव्हा तुझ्यावर नवरीचा हात होता. आता फक्त तू आहेस."