ज्यानं आऊट केलं, त्याची बॅट

“...मग आता थांबू का मी, मास्तर? एकदाच काय ते सांगा.”

दिगू तोडणकर खतीबमास्तरांच्या अंगणात बाकड्यावर बसून हे विचारत होता. ज्याचा चेंडू दिसायच्या आत दांडी उडते, असं जगभरचे फलंदाज सांगतात, तो दिगू. आमच्या गावचा. विमानतळावर त्याला माणसं घेरतात, आणि इथे मास्तरांची कोंबडी त्याच्या बुटावर खुशाल चढून बसली होती.

मास्तर पडवीत वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणतं थांब?”

“सगळेच. पेपरात तर आलंय, एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली म्हणून.”

मास्तर हसले. चांगले पोट धरून हसले.

“छान लिहिलंय रे.”

“मास्तर...”

“बरं, राहिलं. पुढे बोल.”

दिगूनं कोंबडीकडे बघत पुढचं सांगितलं. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा वेग गेला होता. पूर्वी ताशी दीडशेच्या वर टाकायचा, आता काही केल्या एकशेतीसच्या पुढे जात नव्हता. पाठ बरी झाली, खुशाल खेळ, असं डॉक्टर म्हणत होते. संघाला तो अजून हवा होता. निवड समितीचा फोन संध्याकाळी यायचा होता. दौऱ्यावर येतोस, की निवृत्त होतोस? एवढंच उत्तर त्यांना द्यायचं होतं, आणि ते उत्तर दिगूकडे नव्हतं.

“विकेटी मिळतात का?” मास्तरांनी विचारलं.

“मिळतात. त्या काय, कुणालाही मिळतात. लोक माझा वेग बघायला येतात, मास्तर. असा वेग या देशात कुणाला नव्हता.”

“नव्हताच.”

“मग तोच नसेल, तर मी कोण?”

मास्तरांनी सूप बाजूला सारलं, उठून लुंगी वर खोचली आणि कोपऱ्यातली झावळीच्या देठाची बॅट काढली. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण बॅट हातात आली की पाठ सरळ होते.

“जन्या, दांड्या घे. चल रे दिग्या, खाचरात.”

जन्या म्हणजे मी. तिसरीपासून दिगूचा विकेटकीपर. माझ्या डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, ती त्याचीच कृपा.

शाळेमागचं भाताचं खाचर कापून झालं होतं. आम्ही लहानपणी खेळायचो ते हेच. धावत यायला एक खाचर पुरायचं नाही, म्हणून दिगू वरच्या खाचरातून पळत यायचा आणि मधला बांध उडी मारून ओलांडायचा. पुढे तो मोठमोठ्या मैदानांवर खेळला, पण ती उडी काही पायातून गेली नाही. टीव्हीवर शहाणी माणसं तिच्यावर तास तासभर बोलतात. अहो, बांध होता तिथे, दुसरं काय.

नियमही मास्तरांनी तेव्हा घालून दिलेला. ज्यानं आऊट केलं, त्याची बॅट. सगळी पोरं बॅटीसाठी जीव टाकायची. आऊट मात्र नेहमी दिगूच करायचा, आणि बॅट हातात आली की दुसऱ्याला देऊन टाकायचा. मी जो काही फलंदाज झालो, तो असल्या फुकटच्या बॅटीवर.

मी दांड्या रोवल्या. दिगूनं मोबाइल माझ्या खिशात टाकला. मास्तर उभे राहिले.

“मास्तर, लागेल तुम्हाला.”

“रबरी चेंडू आहे. आणि वेग गेलाय ना तुझा? मग माझी काळजी कशाला करतोस?”

दिगूनं पहिला चेंडू अगदी हळू, प्रसाद दिल्यासारखा टाकला. मास्तरांनी तो थेट पलीकडच्या बांधावर मारला.

“पेपरवाले उगाच लिहीत नाहीत म्हणायचे,” मास्तर म्हणाले.

आता मात्र दिगूचे कान लाल झाले. तो वरच्या खाचरात लांब गेला. पळत आला, बांधावरून उडाला आणि सगळी ताकद लावून त्यानं चेंडू फेकला. मास्तरांनी बॅट घातली. चेंडू सणकत माझ्याकडे आला.

आणि दिगूनं मान वर करून पाहिलं. माझ्या डोक्यावरून, पार मागे.

मास्तरांनीही वळून, कपाळावर हात धरून तिकडे पाहिलं.

“फणस आहे तो. अजून धरलेला नाही.”

दिगू ओशाळला.

“सवय हो. मैदानात तिकडे पडद्यावर आकडा येतो. किती वेगानं टाकला त्याचा.”

“असं. आणि चेंडू कुठे गेला?”

“...जन्याकडे.”

“जन्याकडे गेला, की जन्याकडून गेला?”

दिगूनं डोकं खाजवलं.

“अरे, कड लागली होती माझ्या बॅटीची. जन्यानं झेल सोडला. तुझी विकेट होती ती, दिग्या, आणि तू झाडाकडे बघत होतास.”

हे खरं होतं. कुणी पाहिलं नाही म्हणून मीही गप्प राहिलो होतो. दिगूनं माझ्याकडे पाहिलं, मी करंगळी चोळत बसलो.

“ये,” मास्तर म्हणाले आणि बॅट जमिनीवर आपटली.

दिगू परत वर गेला. या खेपेला लगेच पळाला नाही. चेंडू बोटांत फिरवत उभा राहिला... मास्तरांच्या पायांकडे बघत, बॅटीकडे बघत. मग एकाएकी गालात हसला. ते हसू मी ओळखतो. लहानपणी चिंचेवर चढायच्या आधी तो असाच हसायचा.

पळत आला तो पहिल्यासारखाच. उडीही तीच. हात असा वेगानं फिरला की मी दोन पावलं मागे सरकलो. पण चेंडू... चेंडू आपला मागाहून आला, पाहुण्यासारखा सावकाश. मास्तरांची बॅट केव्हाच फिरून गेली होती. चेंडूनं एक टप्पा घेतला आणि मधल्या दांडीला टेकला. दांडी जरा विचारात पडली आणि कलली.

दिगू ओरडला. काय ओरडला म्हणून सांगू, खाचरातले सगळे बगळे उडाले. दोन्ही हात पसरून तो बांधावरून पळत सुटला, परत आला, मला उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मोठमोठे फलंदाज बाद केल्यावर टीव्हीवर मी त्याला बघितलाय, पण असा नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मास्तर पडलेल्या दांडीकडे कौतुकानं बघत होते.

“किती होता रे वेग?”

“कुणी बघितलं?” दिगू हसत म्हणाला.

मास्तरांनी बॅट पुढे केली.

“घे. आऊट केलंस.”

दिगूनं हात मागे घेतले. दांडी नीट रोवली, चेंडू उचलला आणि लुंगीवाल्या त्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून पुन्हा जागेवर उभं केलं.

“मला नको. तुम्हीच खेळा, मास्तर. मी टाकतो.”

आणि तो वरच्या खाचराकडे निघालासुद्धा. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. मी नाव पाहिलं.

“दिग्या, समितीवाले आहेत. काय सांगू?”

“थांबा म्हणावं जरा,” तो पाठमोराच म्हणाला. “ओव्हर चालू आहे.”

मास्तर बॅटीवर रेलले. बांधावर चढणाऱ्या दिगूला त्यांनी हाक मारली.

“दिग्या... मगाशी काय विचारत होतास तू?”