पुंजाराम घर विकणारा शोधतो

एका गावात एक भोळा भाचा होता. भाचे सगळ्याच गावांत असतात, पण हा खास होता. नाव पुंजाराम. आईनं दुधाकडे बघायला सांगितलं की तो बघायचा. दूध वर यायला लागलं की आणखी जवळ जाऊन बघायचा.

"अरे, गॅस का नाही बंद केलास?" आई ओरडायची.

"तू बघ म्हणालीस. मी बघितलं. सगळं उतू गेलं."

पुंजाचे मामा, भिकामामा, त्याच गावात पलीकडच्या गल्लीत राहायचे. पडायला आलेली घरं विकत घ्यायची, डागडुजी करायची, रंग द्यायचा आणि चढ्या भावानं विकायची, हा त्यांचा धंदा. पूर्वी पारावर जाऊन बसलं की कोण घर विकतंय ते कळायचं. आता पारावर कुत्रीच बसत होती. माणसं सगळी फोनवरच्या ग्रुपमध्ये जाऊन बसली होती, आणि मामांना तिथं शिरता येत नव्हतं. पुंजा मात्र दिवसभर तिथंच असायचा.

मामांना एक मुलगी होती. जाई. पुंजाला जाई आवडायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जाईला पुंजा आवडायचा, हे फक्त जाईला आणि मामीला ठाऊक होतं.

"काय बघितलंस गं त्या येड्यात?" मामी विचारायची.

"तो कधी खोटं बोलणार नाही," जाई म्हणायची. "त्याला येतच नाही."

भाऊबीज आली. पुंजाच्या आईनं भावाला ओवाळलं, आणि मामांनी खिशात हात घातला तसा तिनं तो धरला. म्हणाली, "दादा, यंदा ओवाळणीत पैसे नकोत. जाई दे माझ्या पुंजाला."

आता ओवाळणीच्या ताटात मागितलेल्याला नाही कसं म्हणायचं? चार माणसं बघत होती. मामांनी घसा खाकरला.

"देतो की. पण तुझ्या लेकानं एक काम करावं. घर विकणारा एक माणूस माझ्या दारात आणून उभा करावा. एकच. ज्या दिवशी उभा करील, त्या दिवशी सुपारी फोडू आणि लग्न पक्कं करू."

पुंजा पुढं सरकला. "मामा, विकणारा कसा शोधायचा?"

"त्यात काय? ग्रुपमध्ये डोळे उघडे ठेवायचे. कोणी घराचा फोटो टाकला की खाली लिहायचं, 'विकायचं का?' लाजायचं नाही."

"अस्संच करतो, मामा."

दुसऱ्याच दिवशी गांगुर्डे गुरुजींनी घराचे फोटो टाकले. जन्मभराची कमाई घालून त्यांनी बंगला बांधला होता आणि त्याची वास्तुशांत होती. गुरुजी सोवळ्यात होमापुढे बसले होते. पुंजानं खाली लिहिलं, "विकायचं का?"

उत्तर नाही. गुरुजी लाजत असतील, पुंजाला वाटलं. त्यानं कलशाच्या फोटोखाली लिहिलं, "विकायचं का?" पंगतीच्या फोटोखाली लिहिलं, "जेवणं झाल्यावर विकायचं का?"

संध्याकाळी गुरुजींचा मामांना फोन आला. तो मामांना कानापासून हातभर लांब धरूनच ऐकावा लागला.

"अरे गाढवा!" मामा पुंजाला म्हणाले. "लोकांच्या घरी कार्य आहे आणि तू विकायला काय लावतोस? तिथं लिहायचं, 'वा! फार छान! असंच पुन्हा पुन्हा घडो!' आधी माणूस गोड करायचा."

"चुकलो, मामा. पुढच्या वेळी अस्संच लिहितो."

पुढची वेळ लगेच आली. शिवा तांबटाच्या घराची मागची भिंत पडली. त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. विटांचा ढीग, त्यातून म्हैस थेट स्वयंपाकघरात शिरलेली, आणि शेजारी डोक्याला हात लावून बसलेला शिवा. असं घर माणूस दुसऱ्या दिवशी विकतो. मामांनी ती बातमी ऐकली आणि आनंदानं उडीच मारली.

"पुंजा! ताबडतोब लिही त्याला!"

"लिहिलं, मामा. तुम्ही सांगितलं तस्संच."

त्यानं लिहिलं होतं, "वा! फार छान! असंच पुन्हा पुन्हा घडो!" खाली फुगे, फुलं आणि एक नाचणारी बाई.

संध्याकाळी पुढची भिंत पडली.

शिवानं घर विकलं खरं, पण दुसऱ्याला. जाताना सांगून गेला, "तुमच्या भाच्याची जीभ काळी आहे. त्याला माझ्या नव्या घराचा पत्ता देऊ नका."

"अरे बैला!" मामा म्हणाले. "तिथं हळहळायचं असतं! 'फार वाईट झालं, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असं म्हणायचं. आणि नुसतं लिहून नाही भागत. पांढरे कपडे घालायचे, घरी जायचं, मान खाली घालून बसायचं. चहा पुढं केला तर नको म्हणायचं. मग विषय काढायचा."

"चुकलो, मामा. पुढच्या वेळी अस्संच करतो."

चार दिवसांनी निकमअण्णांनी ग्रुपवर लिहिलं, "आमच्या प्रमोदला पुण्याला मोठी नोकरी लागली. आम्हीही आता त्याच्याकडेच जाणार. इथल्या घराचं काय करावं ते बघतोय."

मामांचे डोळे चमकले. "पळ! आत्ताच्या आत्ता पळ!"

पुंजा पळाला, पण आधी पांढरे कपडे घालून. निकमांच्या ओसरीवर तो मान खाली घालून बसला. काकूंनी पेढा पुढं केला. पुंजानं हात जोडून नको म्हटलं. चहा आणला. तोही नको.

"का रे बाबा, बरं नाही का?" काकूंनी विचारलं.

"फार वाईट झालं, काकू," पुंजा म्हणाला. "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"कसलं दुःख?"

"प्रमोद," एवढंच म्हणून पुंजानं सुस्कारा सोडला.

काकूंनी जो हंबरडा फोडला, तो चार घरं पलीकडं ऐकू गेला. शेजारीण धावत आली. तिनं ग्रुपवर टाकलं, "निकमांचा प्रमोद?" त्याखाली कोणीतरी टाकलं, "भावपूर्ण श्रद्धांजली". मग काय विचारता! ग्रुपचा नियमच असा की एकानं श्रद्धांजली वाहिली की वर काय आहे ते न वाचता सगळ्यांनी वाहायची. हात जोडलेली चित्रं धडाधड पडली. एकानं प्रमोदचा फोटो शोधून त्याला हारही घातला. पुण्यात ऑफिसात बसलेल्या प्रमोदनं फोन उघडला आणि सवयीनं हात जोडून टाकले. मग त्यानं फोटो नीट बघितला.

रात्रीपर्यंत सगळा उलगडा झाला. अण्णा म्हणाले, घर ओसाड पडलं तरी चालेल, पण भिकाला देणार नाही.

"अरे टोणग्या!" मामांनी कपाळ बडवून घेतलं. "तिथं सरळ सौदा करायचा होता! माणूस आनंदात आहे, तो जो काय पहिला भाव बोलेल त्याला 'कबूल' म्हणायचं आणि हातावर हात मारायचा! तुझ्यापायी मला आता घरदार विकून काशीला जाऊन बसायची पाळी आली आहे!"

पुंजानं वर बघितलं. "खरंच, मामा?"

"खरंच! आजच्या आज जातो! विकतो सगळं आणि जातो!"

"चुकलो, मामा," पुंजा हळूच म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला होता.

बाहेर येऊन त्यानं सगळ्या ग्रुपवर लिहिलं, "भिकामामांचं राहतं घर विकणे आहे. मालक काशीला जात आहेत." सोबत मामांचा फोटो, तोंड उघडं असलेला.

सगळ्यात आधी उत्तर आलं ते कचरू शेळीवाल्याचं. कचरू मोठा थट्टेखोर. त्यानं लिहिलं, "माझा बोकड देतो. बोला!"

पहिला भाव आला होता. पुंजानं लिहिलं, "कबूल."

सकाळी मामा दात घासत दारात आले, तर अंगणात बोकड बांधलेला. कचरू पावलं टाकून ओसरी मोजत होता. मागे निम्मं गाव उभं होतं. पुढं पुंजा, आणि पुंजाच्या हातात नारळ.

"मामा, सुपारी काढा," पुंजा म्हणाला. "घर विकणारा तुमच्या दारात उभा आहे."

मामांनी डोळे ताणून गर्दीत बघितलं. "कुठाय?"

"हे काय. तुम्ही उभे आहात ना."

आधी जाईला हसू फुटलं. मग मामीला. मग बोकडही ओरडला. गावातले जाणते बापूसाहेब ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "भिका, पोरगं काही खोटं बोलत नाही. तू म्हणालास, विकणारा दारात उभा कर. कोण, ते तू बोलला नाहीस. काल सगळं विकतो म्हणालास ते गल्लीनं ऐकलंय. घर तुझं राहू दे, कचरूनं थट्टा केली होती. पण ओवाळणीच्या ताटावर दिलेला शब्द ही थट्टा नाही. फोड सुपारी."

कचरूनं बोकड सोडला. मामांनी जाईकडे बघितलं. तिची मान खाली होती, पण हसू लपत नव्हतं. मामा विरघळले.

"बरं," ते म्हणाले. "दुपारी फोडू."

मग त्यांनी जावई होणाऱ्या भाच्याला कोपऱ्यात घेतलं. "हे बघ, आता तू घरचा झालास. म्हणून एकच सांगतो. समोरच्यानं काही पुढं केलं की लगेच 'कबूल' म्हणायचं नसतं रे! बोकडावर घर देत होतास! जीव गेला तरी आवडलं असं दाखवायचं नाही. तोंड वाकडं करायचं. दोन दोष काढायचे. 'विचार करून सांगतो' म्हणायचं आणि उठून चालायला लागायचं. मागं वळून बघायचं नाही. समोरचा झक मारत येतो मागं."

"आणि नाही आला तर?"

"येतोच. फार तर दुसरं गिऱ्हाईक दाखवून घाबरवतो. आपण घाबरायचं नाही."

"चुकलो, मामा. पुढच्या वेळी अस्संच करतो."

दुपारी मंडळी जमली. पाट मांडले, रांगोळी काढली, तबकात सुपारी ठेवली. पुंजाच्या आईनं पदरानं डोळे टिपले. जाई हिरवी साडी नेसून समोर बसली. पुंजाला ती इतकी आवडली की तो एकटक बघतच राहिला.

बापूसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय पुंजाराव, मुलगी पसंत आहे ना?"

पुंजाच्या ओठांवर 'हो' आलं. त्यानं ते मोठ्या कष्टानं गिळलं आणि तोंड वाकडं केलं.

"मुलगी बरी आहे," तो म्हणाला. "पण नवी नाही. मी लहानपणापासून बघतोय. शिवाय तोंड दक्षिणेला आहे."

बापूसाहेबांनी उचललेली सुपारी परत तबकात ठेवली.

"विचार करून सांगतो," पुंजा म्हणाला, उठला आणि चालायला लागला.

जाई आधी हसली. मग तिला कळलं की हा खरंच चाललाय. "पुंजा! अरे, थांब की!" तिनं हाक मारली.

हाक ऐकून पुंजाला आनंद झाला. मामांचं म्हणणं खरंच होतं, मागून येतात. त्यानं वळून बघितलं नाही. मागून मामांची चप्पल आली. ती पाठीत बसली तरी त्यानं वळून बघितलं नाही. थेट घरी गेला आणि फोन हातात घेऊन वाट बघत बसला.

महिना गेला, मागून कोणी आलं नाही, आणि एक दिवस नातेवाइकांच्या ग्रुपवर पत्रिका आली. जाईचं लग्न ठरलं होतं. शेजारी नवऱ्या मुलाचा फोटो होता, चांगला उंचापुरा. पुंजाच्या आईनं पत्रिका बघितली आणि ती धाय मोकलून रडायला लागली.

पुंजानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस, आई," तो म्हणाला. "मामा दुसरं गिऱ्हाईक दाखवून घाबरवतायत. आपण घाबरायचं नाही."