ठमाबाईनं सांगितलेली नावं

उंबरदांडच्या घाटात बैलगाडीसुद्धा चढत नव्हती, त्या वेळची ही गोष्ट. आमच्याकडे ठमाबाई नावाची सुईण होती. बाया पाण्याला, लाकूडफाट्याला रानात जायच्या आणि कळा तिथंच सुरू व्हायच्या. निरोप पोचायच्या आत ठमाबाई पोचलेली असायची. तिला बघून वाघसुद्धा वाट सोडून बाजूला बसायचा, असं म्हणतात. तिच्या हातावर जन्मलेलं एकही मूल दगावलं नाही.

एकदा साखळ्या, झेंडे आणि दुर्बीण घेऊन नकाशा काढणारा साहेब आला. धुक्यात त्याची माणसं वाट चुकायला लागली, म्हणून त्यानं ठमाबाईला बरोबर घेतलं. झऱ्याकडे बोट करून तो विचारी, "नाव काय?" आता झऱ्याला कोण नाव ठेवतंय! ठमाबाईला वाटलं, इथं जन्मलेल्या लेकराचं नाव विचारतोय. ती म्हणाली, "हैबती." टेकडीपाशी म्हणाली, "सगुणी." साहेबानं लिहून घेतलं. दीडशे नावं तिनं सांगितली आणि एकही चुकलं नाही, असं म्हणतात.

पुढं ठमाबाई वारली. चाळीसएक वर्षांनी एक अंमलदार हुकूम घेऊन आला. "हे रान पहिल्यापासून ओसाड आहे. तुम्ही कालपरवा घुसलात. होळीच्या आत खाली उतरा."

खाली आमचं होतं कोण? पुरावा म्हणून त्यानं तोच जुना नकाशा उलगडला. "बघा, एक तरी घर आहे का? हे हैबतीचं पाणी..."

"जी!" म्हणत हैबती म्हातारा उभा राहिला. त्याला वाटलं, हजेरी घेतायत. "त्या पाण्यापाशीच जन्मलो म्या."

अंमलदार वैतागला. त्यानं पुढचं वाचलं, "सगुणीची टेकडी."

"मीच की रं बाबा," सगुणीआजी म्हणाली.

तो वाचत गेला, माणसं उठत गेली. जी आता हयात नव्हती, त्यांची ओ डोंगरातून आली, असं म्हणतात. अंमलदारानं नकाशा गुंडाळला, त्यातच हुकूमही गुंडाळला, आणि तो परत आला नाही.

त्या नकाशात ठमाबाईचं नाव मात्र कुठंच नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. म्हणून अजूनही आमच्या बारशात, मुलगा असो की मुलगी, कानात आधी 'ठमा' म्हणतात आणि मग लेकराचं नाव सांगतात. आपण इथं कुणामुळं आहोत, हे त्याला सगळ्यात आधी कळायला हवं.