दोन बंदरांचा एकच सूर

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे आता कुणालाच सांगता येत नाही.

एका किनाऱ्यावर दोन बंदरं होती, शेजारी शेजारी. एक वरचं, एक खालचं. दोघांच्या मधोमध काळ्या खडकांची लांब रांग समुद्रात शिरली होती. वरच्या बंदरात जाताना हे खडक उजव्या हाताला ठेवायचे, खालच्या बंदरात जाताना डाव्या हाताला. ज्याचं चुकलं, त्याच्या होडीच्या फळ्याच तेवढ्या काठाला लागत.

दोन्ही बंदरांच्या टेकडीवर एकेक नादपेटी होती. नादपेटी म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच, तर ऐका. ते एक संदुकीएवढं लाकडी वाद्य होतं. पायाने भाता मारायचा आणि हाताने खुंट्या फिरवायच्या. एक खुंटी फिरवली की सूर जाड व्हायचा, दुसरी फिरवली की थरथरायचा, तिसरी फिरवली की लांबून आल्यासारखा हळूहळू फुलायचा. शंख, भुंगा, ढगांचा गडगडाट, आणि जगात कुठेच नसलेले आवाजसुद्धा त्या पेटीतून निघत. रात्री मासेमारीला गेलेल्या होड्या सकाळी परतत, तेव्हा दोन्ही टेकड्यांवर पेटी वाजायची.

वरच्या बंदराची पेटी एक बुवा वाजवत. काय वाजवत म्हणून सांगू! परगावचे व्यापारी माल उतरवायचं सोडून ऐकत उभे राहत.

खालच्या बंदराचा म्हातारा वादक थकला, तेव्हा गावाने पेटी हिरूच्या हाती दिली. हिरूला आईबाप नव्हते. तिचा थोरला भाऊ धर्मा एका होडीचा तांडेल होता, म्हणजे सुकाणू त्याच्या हाती असे. त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

हिरूचे कान तीक्ष्ण होते आणि मन भित्रं होतं. आपण काही वेडंवाकडं वाजवलं आणि लोक हसले तर? लहानपणी लोक एकदा हसले होते, ते तिच्या मनातून गेलंच नव्हतं. म्हणून ती रोज दुपारी खडक ओलांडून बुवांकडे जायची, त्यांच्या खुंट्या कुठे थांबतात ते नीट बघायची, आणि घरी येऊन आपल्या पेटीवर चुन्याच्या खुणा करायची. बुवा सरळ मनाचे होते. त्यांनी काहीच लपवलं नाही.

पावसाळा सरता सरता हिरूची पेटी हुबेहूब बुवांसारखी वाजू लागली. गाव खूश!

"आमची हिरू म्हणजे दुसरे बुवाच!" लोक सगळीकडे सांगत सुटले.

जाळी विणणारी एक म्हातारी होती, सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. ती तेवढी म्हणाली, "छान वाजवतेस गो पोरी. पण डोळे मिटून ऐकलं की मला बुवाच दिसतात. तू काही दिसत नाहीस."

हिरूला ती स्तुतीच वाटली. आणि गावाला तरी कुठे काय कळलं? आकाश निरभ्र होतं, होड्यांना किनारा लख्ख दिसत होता. पेटी कशासाठी बसवली होती, हेच सगळे विसरून गेले होते.

मग थंडी आली, आणि एका सकाळी धुकं उतरलं. हात पुढे केला तर हात दिसेना. दोन्ही टेकड्यांवर पेट्या वाजू लागल्या. एकच चाल, एकच लय, एकच फुलणारा सूर.

समुद्रात धर्माच्या होडीवर गडबड उडाली.

"डावीकडचं आपलं!" एक जण म्हणाला.

"छे रे, उजवीकडचं!" दुसरा ओरडला.

मागून येणाऱ्या होड्या धर्माच्या भरवशावर होत्या. त्याने वल्ही थांबवायला सांगितली, पण भरतीचं पाणी कुणाचं ऐकतं? ते होड्यांना खडकांकडे ढकलत होतं. धर्मा तोंडाभोवती हात धरून जिवाच्या आकांताने ओरडला, "हिरूऽऽ! यातली तू कुठली गो?"

ती हाक धुक्यातून टेकडीवर पोचली. भावाला बहीण ओळखू येत नव्हती.

तिने भाता थांबवला. पण त्याने काय होणार? आता बुवांचा एकटा सूर उरला, आणि तो बुवांचा की हिरूचा, हे होडीवर कुणालाच कळेना. होड्यांवरचे आवाज आणखी जवळ आले, थेट खडकांच्या बाजूने.

हिरूने पदर ओला केला आणि चुन्याच्या सगळ्या खुणा खसाखसा पुसून टाकल्या. हात खुंट्यांवर ठेवले, तर हातांना कुठे जायचं ते ठाऊकच नाही! ती रडकुंडीला आली. माझं म्हणून असं काय आहे, जे धर्मादादा झोपेतही ओळखेल?

आणि तिला आठवलं. लहानपणी वाळत घातलेली मासळी राखायला तिला बसवत. कावळे आले की ती फुटकं मडकं बडवायची आणि लांबलचक आरोळी ठोकायची. आरोळी वर वर चढायची आणि शेवटी आवाज चिरकून फुटायचा. एकदा ते ऐकून सगळं गाव पोट धरून हसलं. त्या दिवसापासून ती मोकळ्या गळ्याने कधी ओरडली नव्हती.

तिने भाता मारला. खाली लाटांसारखा जाड, घुमणारा सूर धरला. त्यावर फुटक्या मडक्याचा ठेका बसवला, खडखड, खड्. आणि त्यावर पेटीतूनच ती आरोळी सोडली. सूर हळूहळू फुलवायची रीत बुवांकडूनच शिकलेली होती, ती आत्ता कामी आली. आरोळी चढत गेली, चढत गेली, आणि शेवटी अगदी तशीच चिरकली.

आरोळी धुक्यातून होडीवर पोचली. मग धर्मा हसला. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"अरे, ही आपली हिरी! कावळे हाकतेय बघा! खडक डाव्या हाताला घ्या रे!"

वल्ही पाण्यात पडली. एका होडीची फळी खडकाला घासून निघाली, जाळं गेलं, पण माणसं सगळी काठाला लागली. धर्मा पळतच टेकडी चढला. हिरू अजून वाजवतच होती. तिला थांबायची भीती वाटत होती. त्याने तिचे हात धरले, तेव्हा कुठे भाता थांबला.

धुकं निवळल्यावर बुवा खडक ओलांडून आले. खुणा चोरल्या म्हणून आता बोलणी खावी लागणार, असं वाटून हिरू मान खाली घालून उभी राहिली.

बुवा म्हणाले, "पोरी, तू माझं वाजवत होतीस, तेव्हा मला माझ्याच पेटीचा कंटाळा आला होता. आज इतक्या वर्षांनी मी वाजवायचं थांबून ऐकत बसलो. तो शेवटचा चिरका सूर कसा काढलास, मला शिकवशील?"

हिरूला हसू फुटलं. "शिकवते की! पण बुवा, जसाच्या तसा वाजवू नका हं. नाहीतर उद्या तुमच्या होड्या आमच्या दारात यायच्या!"

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर एक रीत पडली. नवा वादक आधी गुरूच्या खुणांवर मनसोक्त शिकतो. पण गावाची पेटी हाती घ्यायच्या दिवशी साऱ्या गावासमोर त्या खुणा स्वतःच्या हाताने पुसतो. मग तो जे पहिलं वाजवतो, त्याला कुणी हसत नाही. आणि हसलंच कुणी, तर आत्या त्याला जाळी विणायला बसवते.

बोध एवढाच: शिकायला दुसऱ्याचा सूर खुशाल घ्यावा, पण आपल्या माणसांना हाक मारायची ती आपल्याच आवाजात.