वठलेल्या पांगाऱ्यातलं बिऱ्हाड

ताटात भोपळ्याची भाजी वाढली, की तुम्ही कुणाकुणाची आठवण काढता? आईची काढाल. पावसाची काढाल. शेतात राबणाऱ्याचीही काढाल. आणखी कुणाची? नाही ना आठवत? मग बसा जवळ. लहानांनी पुढे सरका, मोठ्यांनी मागे भिंतीला टेका.

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथली जमीन खडकाळ. भात पिकेना, गहू पिकेना, पण भोपळे मात्र असे यायचे, की एकेक उचलायला दोन माणसं लागायची.

गावची सगळी जमीन देवीची मानलेली होती. ज्याने त्याने आपला तुकडा कसावा आणि नवरात्रात पहिलं फळ देवीच्या पायाशी ठेवावं. ठेवताना, ते कुणामुळे आलं त्याचं नाव मोठ्याने घ्यावं. ज्या तुकड्यातून लागोपाठ दोन नवरात्रं फळ आलं नाही, तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावा, असा रिवाज होता.

गावाच्या टोकाला, सगळ्यात उंचावर, एक बाई एकटीच राहायची. सगळे तिला काकू म्हणत. नवरा गेल्यावर जमिनीचा एक तुकडा तेवढा तिला आधार होता. आदल्या वर्षी पाणी वरपर्यंत पोचलं नाही आणि काकूचे वेल वाळून गेले. म्हणून यंदा फळ यायलाच हवं होतं. नाहीतर जमीन जाणार, आणि भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार.

काकूच्या बांधावर एक वठलेला पांगारा होता. पान नाही, फूल नाही. नुसतं खोड, आणि त्यात बोट जाईल एवढाली गोल भोकं. त्या भोकांतून काळेभोर, निळसर पंखांचे भुंगे सारखे आतबाहेर करत.

होळी आली. गावातली तरणी मंडळी आरोळ्या देत बांधावर आली.

"काकू, होळीला लाकूड द्या!"

होळीसाठी मागितलेल्या लाकडाला नाही म्हणू नये, असं तिथं मानत. काकूला तर आनंदच झाला.

"न्या की हा पांगारा! नुसती जागा अडवून उभाय. वर त्या भुंग्यांची घूं घूं. माझं डोकं उठतं."

पांगारा होळीच्या मधोमध उभा राहिला. ज्वाळा देवळाच्या कळसाएवढ्या उंच गेल्या. "यंदाची होळी काकूची!" असं जो तो म्हणाला, आणि काकूची मान ताठ झाली.

पुढे पाऊस पडला. काकूने बिया टोकल्या. वेल असे पसरले, की खाली खडक दिसेना. श्रावणात फुलं आली, पिवळीधमक, ओंजळीएवढी. काकूने शेजारणीला मुद्दाम बोलावून ती दाखवली.

पण फळ काही धरेना. फुलाखाली सुपारीएवढा भोपळा दिसायचा, पिवळा पडायचा आणि गळून जायचा.

"दृष्ट लागली हो काकू," शेजारीण म्हणाली. "सगळ्यांना बोलावून दाखवायचं कशाला एवढं?"

"सगळ्यांना कुठं? तुलाच बोलावलं होतं."

काकूने मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेणखत घातलं. वेलांवर ताक शिंपडलं. भोपळे गळतच राहिले.

वाटेने जाताना पाटील थांबले. "काय काकू, यंदा देवीला फुलांचीच भजी दाखवणार वाटतं!"

"हसा पाटील, हसा. तुमचा तुकडा नाही जात."

करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा काकू पहाटे वेलांशेजारी जाऊन नुसती बसू लागली. आजवर तिने वेल खुरपले होते, वेलांना पाणी घातलं होतं. त्यांच्याकडे बघत मात्र ती कधी बसली नव्हती. तिने फूल उमलताना पाहिलं. मुंग्या आल्या. एक फुलपाखरू काठावर टेकलं आणि उडून गेलं. ऊन चढलं, फूल मिटलं. आत खोलवर कुणी शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

काहीतरी कमी होतं. काय, ते तिला कळेना. मग एकदम लक्षात आलं, की शेत फार शांत आहे.

ओढ्याकडे जाताना तिला रुईच्या झाडावर एक भुंगा दिसला. खरं तर ती भुंग्याची मादी होती. आपण तिला भुंगाबाई म्हणू.

"अगं, इकडे रुईवर काय करतेस?" काकू म्हणाली. "माझ्याकडे ये. फुलं बघ केवढाली आहेत!"

"बघितली," भुंगाबाई म्हणाली. "पण मुक्काम कुठं करू? माझं बिऱ्हाड पांगाऱ्यात होतं. पोरंबाळं त्यातच होती. तुम्ही तो होळीला दिलात. आता ओढ्यापलीकडे राहते. खालची शेतं तिथून जवळ पडतात, पण इतक्या वर पावसातून येईपर्यंत तुमची फुलं मिटतात."

काकूने वळून रिकाम्या बांधाकडे पाहिलं.

"मला वाटलं, झाड मेलंय."

"पानंफुलं गेली होती. घर म्हणून चांगलं होतं."

"आणि त्या आग्या मोहोळाच्या माश्या? त्या नाही येत?"

"त्या पावसाच्या आधीच गाव सोडतात. मी इथलीच. शिमग्यात पळसावर असते, उन्हाळ्यात करंजावर, पावसात तुमच्या भोपळ्यावर, थंडीत तुरीवर. कुठंच काही नसलं, की ही रुई आहे, वर्षभर फुलते बिचारी. एका फुलातली पिवळी धूळ माझ्या अंगाला लागते, दुसऱ्यात झडते, आणि तुमचं फळ धरतं. उपकार म्हणून नाही हो करत. मी आपली पोटासाठी हिंडते."

"तू पोटासाठी हिंडलीस आणि मी जेवले," काकू म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "सांग, आता काय देऊ तुला?"

"जुनं, कोरडं लाकूड. पण बाहेर सगळं भिजलंय. तुमच्या ओटीवरचा खांब तेवढा कोरडा आहे."

तो खांब काकूच्या नवऱ्याने स्वतः तासून उभा केला होता. काकूने वर घराकडे पाहिलं.

"किती पोखरशील?"

"माझ्यापुरतं. घर नाही पडायचं."

"बरं. ये मग."

भुंगाबाई आली. खांबाखाली लाकडाचा पिवळसर भुसा पडू लागला. शेजारणीने तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. "काकू, किडा लागला खांबाला! शेणमाती लिंपा आधी!"

"राहू दे गं. पाहुणी आहे."

"पाहुणी घर खाते होय?"

"माझा भाऊ आला की खातोच ना? ही खाऊन वर काही देते तरी."

पहाटे फुलं उमलली, की भुंगाबाई ओटीवरून थेट वेलावर जायची. मोठा घुमारा करत फुलात शिरायची आणि पिवळीजर्द होऊन बाहेर पडायची. बहर सरत आला होता. शेवटची थोडी फुलं उरली होती. त्यातल्या एकाखालचा भोपळा मात्र गळला नाही. तो लिंबाएवढा झाला, नारळाएवढा झाला, घागरीएवढा झाला.

नवरात्रात सगळ्यांनी आपापली फळं देवीपुढे ठेवली. कुणी पावसाचं नाव घेतलं, कुणी बैलांचं, कुणी बापाचं. काकूचा भोपळा सगळ्यांत लहान होता, अजून कोवळाच होता. तो ठेवून तिने हात जोडले.

"हे फळ भुंगाबाईमुळे आलं."

देवळात हशा पिकला. काकू मागे वळली आणि तिने घडलेलं सगळं सांगितलं. पांगाऱ्याचंही सांगितलं, आणि तो देताना आपली मान कशी ताठ झाली होती, तेही. हसू हळूहळू थांबलं. शेजारणीने भोपळ्याला हळदकुंकू लावलं. पुजाऱ्याने तो उचलून देवीच्या उजव्या हाताला ठेवला, आणि काकूचा तुकडा काकूकडेच राहिला.

ज्यांच्यामुळे आपल्या ताटात घास येतो, त्यांचं घर आपण जपावं. खरे आभार ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी, सरपणासाठी तोडून आणलेलं वठलेल्या शेवग्याचं खोड अंगणातून परत नेलं आणि आपल्या शेताच्या कुंपणाला दोरीने उभं बांधलं.