मेहुण्याचे डुक्कर

समुद्रकाठच्या एका गावात बस्त्याव नावाचे गुरांचे डॉक्टर राहत. गावात डुक्कर कापले की मांस आधी त्यांना दाखवायचे आणि त्यांनी निळा शिक्का मारला की मगच ते चुलीवर चढवायचे, असा नियम होता.

एकदा इनास नावाचा गावकरी आपले डुक्कर कापून घेऊन आला. डॉक्टरांनी मांडीला छेद दिला, तर आत तांदळासारखे पांढरे दाणे. ती जंतांची घरे. असे मांस खाल्ले तर माणसाच्याही पोटात जंत होतात. तेवढी मांडी फेकतो, बाकीचे सोडा, म्हणून इनासने खूप गयावया केली. पण एका जागी दाणे दिसले की ते सगळ्या अंगात असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी सगळे मांस खड्ड्यात पुरायला लावले. आपल्या माणसाचे असते तर सोडले असते, असे पुटपुटत इनास गेला आणि गावभर तेच सांगत सुटला.

काही दिवसांनी डॉक्टरांचा मेहुणा मोतेस गुबगुबीत डुक्कर कापून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचे लग्न होते. भाचीच्या लग्नाचे जेवण म्हणून डॉक्टरही खुशीत होते. त्यांनी सुरी फिरवली आणि त्यांचा हात थांबला. मांडीत तेच दाणे होते.

मोतेस हळूच म्हणाला, "भावजी, एवढी मांडी काढून टाकू. कोणाला कळणार आहे?"

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर रुसलेली बायको उभी राहिली. दाणे थोडेच तर आहेत, असेही क्षणभर वाटले. पण इनासच्या डुकरातही ते थोडेच होते.

"इनासही हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "त्याला नाही म्हटले, मग तुला हो कसे म्हणू?"

तेही मांस पुरले गेले. मोतेस पाय आपटत गेला. बायकोने अबोला धरला.

ही बातमी इनासच्या कानावर गेली. लग्नाच्या दिवशी सकाळीच तो दुसरे डुक्कर कापून मोतेसच्या मांडवात हजर झाला. डॉक्टर आपल्या माणसांना सोडतात, असे इतके दिवस वाटत होते, ते त्याने मोकळेपणाने सांगितले आणि हे मांस नवरीसाठी आणले आहे, म्हणाला. मोतेसने आनंदाने हात पुढे केले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले, "आधी मांडी दाखवा."

मोतेसने कपाळावर हात मारला. इनास मात्र पोट धरून हसला. डॉक्टरांनी जीभ, काळीज, मांडी सावकाश तपासली. एकही दाणा नव्हता. शिक्का बसला, चुली पेटल्या आणि डॉक्टरांच्या बायकोने पहिले पान इनासला वाढले.

तात्पर्य: जो आपल्या माणसाला आणि परक्याला एकच नियम लावतो, त्याच्या नकाराचा राग लोकांच्या मनात टिकत नाही.